आईच्या गुडघ्याच्या गोळ्या मी उचलून आणल्या. चुकलं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझी आई ६७ वर्षांची आहे. ती गावी भाऊ-वहिनीकडे राहते, मी ठाण्याला असते. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिचे दोन्ही गुडघे झिजल्याचं सांगितलं आणि असेक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली. ती गोळी आई आजही सकाळ-संध्याकाळ घेते. फारच दुखलं तर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी वर घेते. तिला रक्तदाब आहे आणि त्यासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी चालू आहे. ‘पोटाची गोळी घेते ना सोबत, मग काही होत नाही,’ असं आई आणि भाऊ दोघंही म्हणतात. मूत्रपिंड कसं चाललंय हे दाखवणारी रक्ताची तपासणी केली, तेव्हा तिचं क्रिएटिनिन १.१ आलं, म्हणजे लॅबच्या कागदावर नॉर्मल. यंदाही तिला माउलींच्या पालखीबरोबर चालत जायचं आहे आणि त्यासाठी तिने भावाला गोळ्यांची चार पाकिटं आणायला सांगितली आहेत. गेल्या खेपेला मी घरातल्या सगळ्या गोळ्या उचलून घेऊन आले. आता आई माझ्याशी बोलत नाही. भाऊ म्हणतो, ‘तू लांबून हुकूम सोडतेस.’ शेजारच्या काकू सांधेदुखीची आयुर्वेदिक पुडी सुचवतात. ती सुरू करावी का? आईला वारीला जाऊच देऊ नये का?

ताई,

तुमची काळजी रास्त आहे. आईची औषधं मी नीट वाचली आणि मलाही काळजी वाटली. तरीही गोळ्या उचलून आणल्याने काम झालं असं मला वाटत नाही. गोळ्या गेल्या, गुडघे तसेच दुखत राहिले. असल्या गोळ्या गावातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात आणि आता आई त्या तुम्हाला कळू न देता घेईल. औषध चोरून घेणारा माणूस किती घेतो, कधी घेतो, हे कोणालाच समजत नाही. आईच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. पेनकिलर म्हणजे विष, आणि आई हट्टाने ते खाते. भावाच्या बोलण्यात याच्या बरोबर उलटं गृहीत आहे: डॉक्टरांनी दिलेली गोळी आहे, शिवाय पोटाची गोळी चालू आहे, तेव्हा चिंता नको. मला दोन्ही पटत नाही. सूज आणि वेदना कमी करणाऱ्या या औषधांनी (डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, निमेसुलाइड ही सगळी एकाच कुळातली) असंख्य माणसांना पुन्हा उभं केलं आहे. मुरगळलेला पाय, दाढ काढल्यानंतरचे दोन दिवस, पाळीतल्या कळा, संधिवाताचा झटका, इथे ती उत्तम काम करतात. ज्याची मूत्रपिंडं, पोट आणि हृदय धडधाकट आहे, त्याने चार-पाच दिवस घेतली तर सहसा काही बिघडत नाही. आईचा प्रश्न वेगळा आहे. वय, रक्तदाब, रक्तदाबाच्या गोळीतले दोन घटक, एकाच कुळातल्या दोन पेनकिलर आणि त्यावर उन्हातली अडीचशे किलोमीटरची चाल, हे सगळं तिच्या शरीरात एकत्र येणार आहे.

ही औषधं काम कशी करतात ते एकदा समजून घ्या, म्हणजे भावालाही सांगता येईल. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. दुखापत झाली की सूज आणि ठणका त्यांच्यामुळेच वाढतो. ॲस्पिरिन आणि त्याच्यासारखी औषधं या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पुढे १९८२ मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. अडचण अशी की हीच द्रव्यं जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतात. गोळी फक्त गुडघ्यात जात नाही. ती रक्तातून सगळीकडे पोचते आणि सगळीकडचीच प्रोस्टाग्लँडिन कमी करते.

मूत्रपिंडाचं गणित आईला शेताच्या भाषेत सांगा, तिला लगेच उमजेल. वाफ्यात पाणी ठराविक पातळीवर राहायचं असेल तर पाटाला पाणी हवं, वरचं दार उघडं हवं आणि खालच्या दाराला थोडा अडसर हवा. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं, म्हणजे पाटातलं पाणीच कमी होतं. टेल्मिसार्टन खालचं दार, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी, सैल करतं. या दोन्ही गोष्टी रक्तदाबासाठी चांगल्या आहेत आणि एरवी मूत्रपिंड ते निभावून नेतं, कारण वरचं दार, म्हणजे रक्त आत आणणारी वाहिनी, उघडं असतं. पेनकिलर नेमकं तेच दार ओढून घेते. मग वाफा कोरडा पडायला वेळ लागत नाही. ही तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकात नीट नोंदवलेलं आहे. त्यात जुलाब, उलट्या, ताप किंवा कडक ऊन यांची भर पडली, तर एक-दोन दिवसांतही लघवी कमी होऊ शकते.

इथे गिधाडांची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडची गिधाडं नव्वदच्या दशकापासून झपाट्याने नाहीशी झाली. त्याचं कारण २००४ च्या सुमारास उलगडलं: गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक. त्या गुरांचं मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. गिधाडाचं शरीर या औषधाबाबत माणसापेक्षा कितीतरी नाजूक असतं, त्यामुळे ही तुलना जशीच्या तशी आपल्याला लागू होत नाही. पण हे औषध मूत्रपिंडापर्यंत पोचतं आणि तिथे घाव घालू शकतं, एवढं त्यातून प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

आता पोटाच्या गोळीबद्दल. पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जठरातलं आम्ल कमी करतं, त्यामुळे अल्सर आणि रक्तस्रावाचा धोका खरोखरच घटतो. आईच्या वयात पेनकिलर घ्यावीच लागली तर ती गोळी सोबत हवी. पण ती मूत्रपिंडाचं रक्षण करत नाही, हृदयाचंही नाही आणि रक्तदाबही सांभाळत नाही. जेवणानंतर गोळी घेतली की मळमळ कमी होते, पण अल्सरचा धोका टळत नाही, कारण औषध रक्तातूनही जठरावर परिणाम करतं. म्हणूनच ‘गोळी नको, एक सुई मारा’ यानेही पोट वाचत नाही. पोटाला सोसते म्हणून दिली जाणारी एटोरिकॉक्सिबसारखी गोळीही मूत्रपिंडावर तसाच भार टाकते, आणि रक्तदाब आटोक्यात नसेल तर ती घेऊच नये.

आणखी एक तपासून पाहा. या काळात आईच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढवला गेला आहे का? पेनकिलर शरीरात मीठ-पाणी साठवून ठेवतात आणि रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम बोथट करतात. मग दाब वाढलेला दिसतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि गुडघ्याच्या गोळीबद्दल कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही. असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

क्रिएटिनिनच्या आकड्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण तुम्ही दोघं भावंडं त्यावर विसंबून आहात. १.१ हा आकडा लॅबच्या चौकटीत बसतो, खरं आहे. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं आणि वयस्कर बाईच्या अंगावर स्नायू कमी असतात. म्हणून वय आणि लिंग धरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढावी लागते. तिला ईजीएफआर म्हणतात. ६७ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ असेल तर ती साधारण ५५ येते. ६० च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार मानला जातो आणि अशा माणसाला पेनकिलर दीर्घकाळ देत नाहीत. ३० च्या खाली तर टाळतातच. एका तपासणीवरून आईवर कसलाही शिक्का मारू नका. पण वारीच्या आधी क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवीतली प्रथिनं पुन्हा तपासून घ्या. हिमोग्लोबिन यासाठी की जठरातून थेंब थेंब रक्त जात असलं तरी पोट दुखेलच असं नाही. पुष्कळदा काहीही न दुखता थेट रक्तस्रावच होतो.

काकूंच्या पुडीबाबत मात्र माझं उत्तर स्पष्ट आहे: घेऊ नका. आयुर्वेदाला विरोध म्हणून हे म्हणत नाही. वैद्य ओळखीचे, नोंदणीकृत असतील आणि औषधावर घटक छापलेले असतील तर तो वेगळा विषय. पण नाव-गाव नसलेल्या, दोन दिवसांत ठणका थांबवणाऱ्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड किंवा चक्क डायक्लोफिनॅकच मिसळलेलं सापडलं आहे. म्हणजे जी गोळी तुम्ही बंद करू पाहताय तीच पुडीतून पोटात जाईल, आणि किती जाईल हे कोणालाच ठाऊक नसेल. कोणी वाचक अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असतील तर त्यांनी ती स्वतःहून एकदम थांबवू नये. तिच्यात स्टेरॉइड असेल तर ते अचानक तोडणं धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता दुखण्याचं काय करायचं? हा प्रश्न आईचा आहे, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय ती तुमचं काही ऐकणार नाही.

गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणं हा पहिला उपचार आहे. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली आणायचा. दहा-दहा वेळा दोन्ही पायांनी, दिवसातून दोनदा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, जमेल तेवढं. याचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून वारीच्या आदल्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही, आजच सुरू करा. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवलं तर उत्तम. काठी घ्यायची तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. घरात भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची आणा. दिवसातून अनेकदा उकिडवं बसण्याने गुडघ्याला जो त्रास होतो, तो कुठलीही गोळी भरून काढत नाही.

औषधात आधी मलम. डायक्लोफिनॅकचं १ टक्क्याचं जेल गुडघ्यावर चोळलं तर गोळीच्या मानाने जेमतेम ६ टक्के औषध रक्तात जातं, आणि गुडघ्याच्या झिजेत त्याचा उपयोग अभ्यासांतून सिद्ध झालेला आहे. आपल्याकडे लोक ते बोटाच्या टोकावर थेंबभर घेतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणून ट्यूब फेकून देतात. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम लागतं, दिवसातून तीन-चार वेळा. ३० ग्रॅमची ट्यूब दोन गुडघ्यांना दोन-तीन दिवसही पुरणार नाही. कोरड्या, जखम नसलेल्या त्वचेवर लावायचं, वर पट्टी बांधायची नाही, लगेच शेकायचं नाही, हात धुवायचे. मूत्रपिंड थोडं कमकुवत असलं तर एवढ्या प्रमाणात लावण्याआधीही डॉक्टरांना विचारून घ्यावं.

पॅरासिटामॉल गुडघ्याच्या झिजेत फार प्रभावी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आईच्या मूत्रपिंडाला ते या कुळातल्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. ५०० मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या, सहा तासांच्या अंतराने, दिवसभरात ३ ग्रॅमच्या आत. मात्र आईच्या चालू गोळीत पॅरासिटामॉल आधीच आहे, तेव्हा दोन्ही एकत्र नको. अशी जोडगोळी आपल्याकडे सर्रास चालते. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, हे ती वर्षानुवर्षं घेणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. भावाला फोनमध्ये फोटो काढून अक्षरं मोठी करून वाचायला सांगा. तिथेच डायक्लोफिनॅकवर ‘शेड्यूल एच’ची सूचना दिसेल: हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही.

आणि डॉक्टरांकडे जाताना आईला सोबत न्या, सगळी पाकिटं पिशवीत घालून. त्यांना तीन गोष्टी विचारा. रक्तदाबाची गोळी बदलून, पाणी काढणारा घटक नसलेली देता येईल का? अगदीच असह्य दिवशी एखादी पेनकिलर चालेल का, कुठली, किती दिवस? आणि जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवशी रक्तदाबाच्या गोळीचं काय करायचं? हा तिसरा प्रश्न वारीच्या आधी विचारून कागदावर लिहून घ्या. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने थांबवू नका. पेनकिलर मात्र अशा दिवशी निक्षून घ्यायची नाही, हे मी आत्ताच सांगते. गुडघ्यात इंजेक्शन किंवा सांधेबदल हे पर्यायही त्याच भेटीत निघू द्या.

वारीला जाऊ द्यावं का? तपासण्या ठीक आल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला तर जाऊ द्या. जी बाई वर्षभर या तीन आठवड्यांची वाट पाहते, तिला घरी बसवून गुडघे बरे होत नाहीत. पण वारीत एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. बायका पाणी कमी पितात. वाटेत स्वच्छ, आडोशाची शौचालयं मिळतील याची खात्री नसते, म्हणून सकाळपासूनच घोट घोट पितात. जूनच्या उकाड्यात हे पाणी तोडणं आणि दिवसाला दोन-तीन पेनकिलर, हेच मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं. हे तिला तुम्ही, तिच्या मुलीने, समोर बसून विचारायला हवं. भाऊ हे विचारू शकणार नाही. दिंडीतल्या दोन-तीन बायकांनी मिळून शौचालयाची सोय बघत चालायचं, लघवी गडद पिवळी झाली की थांबून पाणी प्यायचं, एवढं ठरवून घेता येतं. हृदयाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा आहे आणि त्यात दिवे घाटाचा चढ आहे. तो चालायचा की दिंडीच्या गाडीतून करायचा, हे आईने ठरवावं, पण घरून निघण्याआधी ठरवावं. वाटेत जागोजागी आरोग्य पथकं असतात, सेवाभावी मंडळींचे औषधांचे तंबू असतात. तिथले लोक मनापासून सेवा करतात, पण समोरच्या माणसाची औषधं त्यांना कशी ठाऊक असणार? म्हणून आईच्या गळ्यातल्या पिशवीत मराठीत ठळक अक्षरात एक कार्ड ठेवा: रक्तदाबाच्या गोळीचं नाव, ईजीएफआरचा आकडा, आणि ‘पेनकिलरची गोळी किंवा इंजेक्शन देऊ नये, पॅरासिटामॉल चालेल’. डॉक्टरांनी एखादी पेनकिलर मान्य केली असेल तर तिचं नाव आणि मर्यादाही त्यावर लिहा. चार पाकिटं नकोत. सोबत जेल, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटं द्या.

काळी, डांबरासारखी शौच, कॉफीच्या रंगाची उलटी, दिवसभरात अगदी थोडी लघवी, पायावर किंवा चेहऱ्यावर अचानक सूज, दम लागणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर चालणं थांबवून थेट दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती शंका डॉक्टरांनी दूर करायची, आपण घरी नाही.

असंच पत्र लिहू पाहणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडं. हृदयविकार, पक्षाघात किंवा हृदयाची कमजोरी असलेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्येच सांगितलं आहे. रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेणाऱ्यांनी सोबत आयबुप्रोफेन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि ॲस्पिरिनचा हृदयाला होणारा फायदाही कमी होऊ शकतो. पाच महिन्यांच्या पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. आणि पावसाळ्यात ताप आला, अंग मोडून आलं, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट आधीच घसरतात आणि या गोळ्यांनी रक्तस्राव बळावतो.

ताई, आता भावाला फोन करा. तो आईला आयत्या गोळ्या आणून देतो, कारण रात्री उठून तिला कूस बदलायला मदत तो आणि वहिनी करतात. तुम्ही तिथे नसता. ‘तू चुकलास’ हे वाक्य बाजूला ठेवा आणि त्याला एक काम द्या: एक वही घेऊन आईने रोज कुठली गोळी किती वाजता घेतली आणि दुखणं दहापैकी किती होतं, हे पंधरा दिवस लिहायचं. तेवढ्यात तपासण्या आणि डॉक्टरांची भेट उरकून घ्या. ती वही तिथे रिपोर्टइतकीच उपयोगी पडेल. आणलेल्या गोळ्या आईला परत करा आणि सांगा की मी न विचारता नेल्या, हे बरं केलं नाही, पण डॉक्टरांना भेटेपर्यंत दोन प्रकारच्या पेनकिलर एकाच दिवशी घेऊ नकोस आणि पोट बिघडलं असेल त्या दिवशी एकही नको. वारीहून परतल्यावर आठवडाभरात क्रिएटिनिन पुन्हा तपासा, मग मला कळवा.